चारच्या आत अंधार: हिवाळा, मन आणि हिवाळ्यातले सण

(लंडनमधल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

नोव्हेंबर लागला की इथल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "थंडीचं काही नाही हो, या अंधारानं जीव नकोसा होतो." निदान अगदी बरोबर आहे. पण उपाय मात्र आपण थंडीचे करतो. हीटर वाढवतो, जाड पडदे ओढून घेतो, कोणी भारतातून येणार असेल तर डिंकाचे लाडू मागवतो आणि रविवारी अकरापर्यंत रजईतून हलत नाही. लाडवांना माझी हरकत नाही. पडदे आणि रजई यांच्याबद्दल मात्र आज बरंच बोलायचं आहे. त्यानंतर सणांबद्दल. नाताळ आणि संक्रांत हे दोन्ही सण वर्षाच्या अंधाऱ्या तुकड्यात येतात, आणि सण आला की मन आपोआप उजळतं असं आपण धरून चालतो. ते थोडंच खरं आहे.

आधी आकडे पाहू. मुंबईत वर्षातला सगळ्यात लहान दिवस जवळजवळ 11 तासांचा असतो आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. म्हणजे वर्षभरात फरक सव्वादोन तासांचा. लंडनला 21 डिसेंबरच्या आसपास दिवस असतो 7 तास 50 मिनिटांचा आणि जूनमध्ये 16 तास 38 मिनिटांचा. स्टॉकहोमला डिसेंबरात जेमतेम 6 तास मिळतात. नॉर्वेत ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही.

पण माझ्या मते लांबीपेक्षा वेग जास्त छळतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईचा दिवस रोज साधारण एका मिनिटानं लहान होतो, लंडनचा चार मिनिटांनी. आठवड्याला जवळजवळ अर्धा तास! शिकायला येणारी मुलं नेमकी याच सुमाराला पुण्या-नागपुरातून इथे उतरतात. पहिले दोन आठवडे संध्याकाळी सातपर्यंत बागेत फिरतात, आणि सहा-सात आठवड्यांत, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की, त्यांचा सूर्य साडेचारला मावळायला लागतो. डिसेंबरच्या मध्याला तर पावणेचारनंतर पाच-सहा मिनिटांत सूर्यास्त. लेक्चर आटपून बाहेर आलं की रात्र. घरी फोनवर ही मुलं 'बोअर होतंय' एवढंच सांगतात. त्यामागे शरीरात काय चाललेलं असतं ते जरा नीट पाहू.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत. शरीराचं मुख्य घड्याळ ते. झोप कधी यावी, शरीराचं तापमान कधी उतरावं-चढावं, भूक कधी लागावी, सगळं यावर चालतं. गंमत अशी की माणसाचं हे घड्याळ बरोबर 24 तासांचं नसतं, सरासरी दहाएक मिनिटं जास्तीचं असतं. म्हणून ते रोज जुळवून घ्यावं लागतं, आणि जुळवण्याची किल्ली म्हणजे सकाळी डोळ्यांत जाणारा उजेड. डोळ्याच्या पडद्यात यासाठी वेगळ्या पेशी असतात. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नव्हे, बाहेर किती उजेड आहे याची वर्दी त्या मेंदूला देतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि निळसर उजेडाला, सुमारे 480 नॅनोमीटरच्या आसपास, ते सगळ्यात जास्त दाद देतं. या पेशींचा नीट छडा लागला तो 2002 च्या सुमारास, म्हणजे अगदी अलीकडे.

संध्याकाळी उजेड कमी झाला की मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक स्रवू लागतं. शरीराला ते रात्र झाल्याचं सांगतं. सकाळी उजेड पुरेसा मिळाला नाही की हे सगळं वेळापत्रक मागे सरकतं. गजर होतो सातला, पण शरीराच्या घड्याळात अजून पाचच वाजलेले असतात. त्या स्थितीत माणूस ट्यूब, म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे, पकडून ऑफिसला जातो. आळसाची म्हणून जी बोलणी बसतात त्यातली बरीच या दोन तासांची असतात.

आता 'पुरेसा उजेड' म्हणजे किती? उजेड लक्समध्ये मोजतात. स्वच्छ उन्हात दुपारी एक लाख लक्सच्या जवळपास उजेड असतो. लंडनच्या करड्या, ढगाळ डिसेंबरात भर दुपारी बाहेर दोन ते दहा हजार. चांगल्या ऑफिसात टेबलावर 300 ते 500. आणि आपल्या दिवाणखान्यात, सगळे दिवे लावून, शंभर-दोनशे. खोली आपल्याला लख्ख वाटते, कारण डोळा बाहुली लहानमोठी करून आणि पडद्याची संवेदनशीलता बदलून सांभाळून घेतो. घड्याळाच्या पेशी मात्र फसत नाहीत. त्यांच्या हिशेबी घरात दिवसभर तिन्हीसांजाच असतात. त्यामुळे 'बाहेर काय, ढगच तर आहेत' हे म्हणणं टिकत नाही. सगळ्यात मरगळलेल्या आकाशाखालीही घरातल्यापेक्षा दहा-वीस पट उजेड असतो.

दिवस मावळण्याबरोबर मन मावळतं हे लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले, पण त्याला आजाराचं रूप देऊन नीट मांडणी झाली ती 1984 साली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 29 रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे. न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपली उमेद ओसरते हे त्यांनी स्वतःवरच पाहिलं होतं. त्याआधी 1980 मध्ये आल्फ्रेड ल्यूई यांनी दाखवलं की 2500 लक्सचा उजेड माणसाचं मेलॅटोनिन दाबतो, घरातल्या साध्या दिव्यानं तेवढं साधत नाही. हर्बर्ट कर्न नावाचे एक शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं स्वतःच्या मनःस्थितीच्या नोंदी ठेवत आले होते. त्यांचे उतार दर हिवाळ्यात यायचे. ते या मंडळींकडे गेले आणि प्रखर उजेडानं उपचार झालेले पहिले रुग्ण ठरले.

हिवाळी नैराश्याची लक्षणं नेहमीच्या नैराश्यापेक्षा जरा उलटी असतात. एरवी नैराश्यात झोप उडते, अन्न जात नाही. इथे झोप वाढते, दहा-अकरा तास झोपूनही ताजं वाटत नाही. भूक वाढते, तीही भात, पाव, बटाटा, गोड यांची. वजन चढतं, हातपाय शिशासारखे जड होतात, आणि माणूस फोन उचलेनासा होतो. निदानासाठी नुसतं 'हिवाळ्यात बरं वाटत नाही' चालत नाही. पूर्ण नैराश्याचे झटके निदान सलग दोन वर्षं त्याच ऋतूत यायला हवेत आणि वसंतात ओसरायला हवेत. शिवाय दर हिवाळ्यात नोकरी जाणं किंवा परीक्षा असणं असलं दुसरं कारण मागे नको. हा स्वतंत्र आजार मानत नाहीत. नैराश्याला किंवा द्विध्रुवी विकाराला (ज्यात मन कधी नैराश्यात, कधी उन्मादात जातं) जोडलेलं ते एक विशेषण आहे. स्त्रियांत प्रमाण जास्त, आणि सुरुवात बहुधा विशी-तिशीत.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत प्रश्नावलीवरून केलेल्या एका जुन्या पाहणीत फ्लोरिडात 1.4 टक्के आणि उत्तरेच्या न्यू हॅम्पशायरमध्ये 9.7 टक्के लोकांत हे आढळलं. आकडे मोठे बोलके. पण 2016 मध्ये 34,294 अमेरिकन प्रौढांची माहिती तपासणाऱ्या एका अभ्यासाला नैराश्याचा ऋतूशी, अक्षांशाशी किंवा उन्हाशी काही संबंधच दिसला नाही. आणि आइसलंडमध्ये, जिथे अंधाराची कमतरता नाही, हे प्रमाण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी निघालं. माझं मत असं की खरोखरचं हिवाळी नैराश्य थोड्या लोकांत असतं आणि ते खरं असतं. त्याच्या भोवती बऱ्याच मोठ्या घोळक्याला नुसती मरगळ असते. सगळ्या समाजाची सरासरी काढली की ते थोडे लोक तिच्यात बुडून जातात.

आता लाइट बॉक्स, म्हणजे समोर बसून प्रखर उजेड घ्यायची दिव्याची पेटी. घरोघरी यावर पैसे वाया जातात, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

विकत घेताना डब्यावर '10,000 लक्स' लिहिलेलं असतं, पण कुठल्या अंतरावर ते खाली बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. चांगल्या पेटीला तो आकडा डोळ्यांपासून 30 ते 40 सेंटिमीटरवर मिळतो. काही छोट्या, वहीएवढ्या पेट्यांना तो 10-15 सेंटिमीटरवरच मिळतो, म्हणजे नाक पेटीला टेकवून बसावं लागेल. अंतर दुप्पट झालं की उजेड जवळजवळ चौथाईवर येतो. टेबलाच्या पलीकडे पेटी ठेवून 'आम्ही रोज लावतो, काही फरक नाही' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत खरं तर दीड-दोन हजार लक्स जात असतात. पेटीचा उजेडाचा पडदा मोठा घ्या, साधारण 30 बाय 40 सेंटिमीटरचा, म्हणजे मान जरा हलली तरी उजेड सुटत नाही. उजेड पांढरा हवा, अतिनील किरण गाळलेले हवेत.

वेळ: उठल्यावर तासाभराच्या आत, 10,000 लक्सला 30 मिनिटं. पेटी 5000 ची असेल तर तास, 2500 ची असेल तर दोन तास. पेटी डोळ्यांच्या जरा वर आणि किंचित कलती ठेवा. तिच्याकडे टक लावून पाहायचं नाही. समोर बसून चहा घ्या, पेपर वाचा, मेल पाहा. डोळे उघडे आणि तोंड तिकडे एवढं पुरे. रोज, शनिवार-रविवारसुद्धा. गुण यायचा तर आठवड्या-दोन आठवड्यांत येतो, आणि मध्ये सोडलं तर तेवढ्याच दिवसांत जातो.

चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात मोठी म्हणजे सकाळी वेळ नाही म्हणून रात्री जेवल्यावर पेटीसमोर बसणं. त्यानं घड्याळ आणखी मागे सरकतं, झोप उडते आणि दुसरी सकाळ जास्त वाईट जाते. दुसरी चूक त्याच्या उलट जातीची. काही लोकांना, विशेषतः उतारवयात, पहाटे तीन-चारलाच जाग येते. त्यांचं घड्याळ आधीच पुढे गेलेलं असतं. त्यांनी पहाटे उजेड घेतला तर ते आणखी पुढे जाईल. अशांना संध्याकाळचा उजेड उपयोगी पडतो. डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, उगाच उतावीळ वाटणं असं पहिल्या दिवसांत होतं. दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात केली किंवा पेटी जरा मागे सरकवली की बहुधा जातं.

काही लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेटीला हात लावू नये. मधुमेहानं डोळ्याचा पडदा बिघडलेला असेल, पडद्याचा दुसरा कुठला आजार असेल, किंवा डॉक्सीसायक्लिनसारखं उजेडाला हळवं करणारं औषध चालू असेल तर आधी विचारा. आणि स्वतःला किंवा जवळच्या नात्यात द्विध्रुवी विकार असेल तर नक्कीच. प्रखर उजेडानं अशा माणसाचं मन उदासीतून उडी मारून उन्मादात जाऊ शकतं. झोप चार तासांवर आली तरी थकवा नाही, बोलण्याचा वेग वाढला, खरेदी सुटली, असं दिसलं तर पेटी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना फोन करायचा. घरच्यांना हे आधी दिसतं, पेशंटला तर मस्तच वाटत असतं.

पेटीचा आणि ड जीवनसत्त्वाचा काहीही संबंध नाही. ते जीवनसत्त्व कातडीवर पडणाऱ्या अतिनील किरणांनी बनतं, आणि पेटीतले ते किरण मुद्दाम गाळलेले असतात. खिडकीची काचही ते अडवते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च या काळात बाहेरच्या उन्हातही ते पुरेसे नसतात. म्हणून इथली आरोग्यसेवा शरद-हिवाळ्यात सगळ्यांना रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा असं सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना वर्षभर. गोळी हाडांसाठी घ्या. तिच्यानं मन उजळेल अशी आशा धरू नका.

इथली आरोग्यसेवा पेटी सहसा देत नाही आणि पुरावा मर्यादित आहे असंही सांगते. ते अगदीच चूक नाही, कारण पेटीला खरी वाटेल अशी खोटी पेटी बनवून तुलना करणं अवघड असतं. तरी 2006 च्या एका कॅनेडियन चाचणीत 96 रुग्णांमध्ये पेटी आणि नैराश्यावरचं औषध फ्लुऑक्सेटीन 20 मिलिग्रॅम सारखेच ठरले, पेटीचा गुण जरा लवकर दिसला. आणि व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांनी 177 लोकांवर केलेल्या चाचणीत सहा आठवड्यांअखेर पेटी आणि बोलण्यातून होणारी वर्तनोपचार पद्धत बरोबरीत राहिल्या. पण दोन हिवाळ्यांनंतर पेटीवाल्यांपैकी जवळजवळ 46 टक्के पुन्हा आजारी होते, वर्तनोपचारवाल्यांपैकी 27 टक्के. कारण उघड आहे. पेटी दर नोव्हेंबरात पुन्हा काढावी लागते आणि लोक काढत नाहीत. शिकलेली सवय मात्र अंगात राहते. ती सवय काय? अंधार पडला की घरात दडी मारायची नाही. हिवाळ्यासाठी दोन-तीन कामं आधीच ठरवून ठेवायची, लोकांना शब्द देऊन ठेवायचा. 'हिवाळा आला, आता मी गेलो' हा विचार पकडून त्याला उलट प्रश्न विचारायचा. आणि पैसे खर्चायचे नसतील तर सकाळी तासभर चालायला जा. स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये आना विर्झ-जस्टिस यांनी 1996 मध्ये हेच तपासलं होतं आणि रुग्णांना त्याचा गुण आला होता.

इथून सणांकडे वळू.

एक पणती किंवा मेणबत्ती मीटरभर अंतरावर साधारण 1 लक्स उजेड देते. म्हणजे दिवाळीचा अख्खा जिना पणत्यांनी भरला तरी शरीराच्या घड्याळाला तो दिवस वाटणार नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या रोषणाईचीही तीच गत. सणांचा उजेड मेंदूच्या त्या पुंजक्यांसाठी नाहीच. उलट तो मंद आणि पिवळा आहे हे बरंच आहे, त्यानं रात्रीची रात्र राहते. झोपेचं नुकसान करतात ते स्वयंपाकघरातले पांढरेशुभ्र एलईडी आणि हातातला फोन. हिवाळ्यात संध्याकाळी घरातले वरचे दिवे मालवून कोपऱ्यातले पिवळे दिवे लावणं हा जो इथला शिरस्ता आहे, तो उचलण्यासारखा आहे. आपण मात्र पाहुणे आले की सगळे दिवे लावतो.

मग हे सण करतात काय? माझ्या मते ते अंधाराला तारखा देतात. अंधार सरसकट पसरलेला असला की जास्त जड जातो. तेराव्या तारखेला काहीतरी आहे, एकविसाव्याला काहीतरी आहे, असं झालं की तो तुकड्यातुकड्यांनी ओलांडता येतो. उत्तरेकडचे लोक यात तरबेज आहेत. स्वीडनमध्ये 13 डिसेंबरला लुसिया. मध्ययुगात जुन्या जूलियन पंचांगानुसार हाच वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीचा सुमार होता. पंचांग बदललं, सण आपल्या तारखेला राहिला. पांढऱ्या झग्यातल्या मुली, पुढे डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली एक, आणि केशर घातलेले पाव. आणि हे सगळं प्रामुख्यानं सकाळी, उजाडायच्या आत. घरादाराला, शाळा-ऑफिसांना पहाटे उठवणारा सण तो. ट्रॉम्सोत 21 जानेवारीला सूर्य डोंगरावर पुन्हा डोकावतो, तो सूर्यदिवस. त्या दिवशी बेकऱ्यांमधून सूर्याच्या नावाचे गोल, आत जॅम भरलेले तळलेले बन संपतात. इराणमध्ये यल्दाच्या रात्री, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, घरातले सगळे मोठ्यांच्या घरी जमतात आणि डाळिंब-कलिंगड खात जागतात. सगळ्यात अंधारी रात्र माणसानं एकट्यानं काढायची नाही, एवढी सोय त्यात केलेली आहे.

नॉर्वेतल्या र्‍युकान गावाची तऱ्हा वेगळी. दरी इतकी खोल की शरद ऋतूपासून मार्चपर्यंत गावात ऊन पोचत नाही. 1928 मध्ये तिथल्या कारखान्यानं लोकांना वर नेऊन सूर्य दाखवायला केबल-कार बांधून दिली. आणि 2013 मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, एकूण 51 चौरस मीटरचे. संगणक ते सूर्यामागे फिरवतो आणि गावच्या चौकात उन्हाचा एक तुकडा पडतो. लोक येऊन त्या तुकड्यात उभे राहतात.

नाताळची 25 डिसेंबर ही तारीख चौथ्या शतकातल्या रोमच्या नोंदींत दिसते. त्याच तारखेला अजिंक्य सूर्याचा उत्सव असल्याचीही नोंद आहे, आणि कोणी कोणावरून घेतलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आपल्याला ते सोडवायची गरज नाही. अंधाराशी नातं नसलेला नाताळही असतो हे गोव्यात दिसतं. पंधरा अंश अक्षांशावर, अकरा तासांच्या दिवसात, घरावर कागदी नक्षत्र, अंगणात गोठा, आणि शेजाऱ्यांकडे जाणारं बेबिंक-दोदोल-नेवऱ्यांचं ताट. तिथे सण उजेडाची भरपाई करत नाही, येणंजाणं चालू ठेवतो. इथल्या एकट्या माणसाला नेमकी याचीच वाण असते.

आता संक्रांत. 'संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो' असं आपण म्हणतो. खगोलाच्या दृष्टीनं दिवस 22 डिसेंबरपासूनच वाढायला लागतो. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबानं, निरयन मोजतात. पृथ्वीचा अक्ष सावकाश फिरत असल्यामुळे ती सुमारे 72 वर्षांत एका दिवसानं पुढे सरकते. स्वामी विवेकानंद जन्मले त्या 1863 साली संक्रांत 12 जानेवारीला होती. त्याच हिशेबानं 1761 मध्ये ती 10-11 जानेवारीच्या सुमाराची येते. 14 तारखेचं पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं असं जे सर्रास सांगतात ते जुळत नाही. उत्तरायण आणि संक्रांत एका दिवशी येत होती ती तिसऱ्या शतकाच्या अखेरीस.

तरीही आपल्या आज्या तिळावर ठाम होत्या, आणि एका अर्थानं त्या बरोबर आहेत. मुंबईत सगळ्यात उशिराचा सूर्योदय 22 डिसेंबरला होत नाही. तो होतो जानेवारीच्या मध्याला, सव्वासातच्या सुमारास. सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस येऊन गेलेला असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून खरी मध्यान्ह घड्याळाच्या बारापासून मागेपुढे सरकत राहते. विषुववृत्ताच्या जवळ हा परिणाम जास्त दिसतो. त्यामुळे पहाटे उठणाऱ्या बाईला सकाळ लवकर उजाडू लागल्याचं दिसतं ते संक्रांत उलटल्यावरच. 22 डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत मुंबईचा दिवस वाढलेला असतो सहा-सात मिनिटांनी. लंडनचा जवळजवळ 27 मिनिटांनी. इथला तीळ मोठा!

याच्या आधीचा महिना म्हणजे धुंधुरमास, सूर्य धनु राशीत असतो तो काळ, साधारण 16 डिसेंबर ते संक्रांत. पहाटे उठून स्वयंपाक करायचा आणि सूर्योदयाला जेवायचं: मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. सकाळी सगळ्यात उशिरा उजाडणाऱ्या महिन्यात घरादाराला अंथरुणातून काढून सूर्याच्या वेळेवर आणण्याची ही रीत आहे. ती उजेडाचं शास्त्र ओळखून आखली असा दावा मी करणार नाही, धार्मिक रीत आहे ती. पण घड्याळाच्या बाजूनं पाहिलं तर हिवाळ्यातल्या सगळ्या मराठी रिवाजांत मला हा सगळ्यात शहाणा वाटतो, आणि नेमका तोच मागे पडला.

मेलबर्नला राहणाऱ्यांची पंचाईत वेगळी. तिथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते, आणि दिवस 22 डिसेंबरपासून लहान होत चाललेला असतो. चाळीस अंशांत काळी साडी नेसून कोणाला ऊब हवी आहे?

सणांची दुसरी बाजूही आहे. डिसेंबरात आत्महत्या वाढतात असं सगळीकडे छापून येतं. अमेरिकेत डिसेंबर उलट सगळ्यात कमी आत्महत्यांच्या महिन्यांपैकी असतो, आणि उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच देशांत हा आकडा वसंत ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला चढतो. जानेवारीतला तिसरा सोमवार वर्षातला सगळ्यात उदास दिवस, हे तर 2005 मध्ये सुट्ट्यांच्या सहली विकण्यासाठी काढलेलं टूम आहे. पण नाताळच्या दिवशी लंडनमध्ये ट्यूब बंद, बस बंद, दुकानं बंद, आणि वसतिगृहात एकटं राहिलेलं पोर, हे खरं असतं. मन फार खचलं, जगणं नकोसं वाटलं, तर इथे समॅरिटन्स या मदतसंस्थेचा 116 123 हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. इथल्या आरोग्यसेवेचा 111 लावून 2 दाबलं की मानसिक आरोग्याचा विभाग मिळतो. भारतात टेली-मानस ही हेल्पलाइन, 14416.

मंडळांना माझी एकच सूचना आहे. हळदीकुंकू, तिळगूळ समारंभ आपण शनिवारी संध्याकाळी सहाला हॉल घेऊन करतो. तोच सकाळी साडेदहाला करा आणि आधी तासभर जवळच्या बागेत चालत जाऊन मग हॉलवर या. रथसप्तमीपर्यंत मुभा असते, म्हणजे काही शनिवार हाताशी असतात. सकाळचा हॉल स्वस्तही मिळतो. विद्यार्थ्यांना नुसतं आमंत्रण पाठवू नका, गुळाची पोळी लाटायला बोलवा. पाहुणा म्हणून बोलावलेलं उदास माणूस येत नाही; काम दिलेलं बहुधा येतं.

कोकणातून आलेल्यांचा एक प्रश्न नेहमी असतो: मग आमच्या श्रावणातल्या मरगळीचं काय? आंबोली-महाबळेश्वरला जुलैत आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. तिथेही मुद्दा तोच. ढगाखाली बाहेर हजारो लक्स असतात. पावसामुळे आपण ज्या घरात बसतो, खिडक्यांना प्लॅस्टिक बांधून, तिथे पन्नास. ओटीवर, पडवीत बसून सकाळचा चहा घ्या. पेटीची गरज नाही.

शेवटी, पेटी बंद कधी करायची? इथे मार्चअखेर घड्याळं पुढे जातात, त्या दिवशी नको. सकाळ पुन्हा तासानं अंधारी होते आणि आठ-दहा दिवस मरगळ परतते. एप्रिलच्या मध्यापासून अर्ध्या तासाची वीस मिनिटं, मग दहा, असं दोन आठवड्यांत सोडा. एप्रिल-मेमध्ये एकदम झोप कमी होऊन उत्साह उतू जायला लागला तर मघाशी सांगितलेला द्विध्रुवीचा मुद्दा आठवा. आणि पेटी माळ्यावर टाकण्याआधी तिच्यावर चिठ्ठी लावा: यंदा त्रास कुठल्या तारखेला सुरू झाला ती तारीख, आणि तिच्या दोन आठवडे आधीची, पेटी काढायची.